बुदैयाची पानगळ

माघ लागला की आमच्याकडे दोन गोष्टी हटकून होतात. सोसायटीच्या फाटकाशी उभं असलेलं बदामाचं झाड लालबुंद होतं, आणि हे सकाळी सातच्या ठोक्याला चपला अडकवून खाली जातात नि झाडलोट करणाऱ्या मंगलबाईंशी हुज्जत घालतात. हे म्हणजे माझे यजमान, मनोहर जोगळेकर, वय अठ्ठ्याहत्तर. एरवी शब्दाला महाग माणूस. दूधवाल्याने दुधात राजरोस पाणी घातलं तरी ब्र काढणार नाहीत. पण त्या झाडाखाली खराटा फिरायला लागला की यांना कंठ फुटतो.

"मंगलबाई, आजचा दिवस राहू द्या."

"काका, काल पण तुम्ही हेच म्हणालात. सेक्रेटरी मला बोलतात."

"सेक्रेटरींना माझ्याकडे पाठवा."

मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून चहा पीत हा सोहळा बघत असते. मंगलबाई खराटा काखेत मारून निघून जातात, हे पानांच्या सड्यात मागे हात बांधून उभे राहतात, आणि शाळेला निघालेली मुलं यांच्याकडे बघत बघत बसमध्ये चढतात. ही खोड यांना बहरीनमध्ये लागली असं सांगितलं की पुण्यातले लोक माझ्याकडे संशयाने बघतात. वाळवंटात कसली आलीय पानगळ? त्यांचंही काही चूक नाही. आम्ही तिथे गेलो तेव्हा मलाही असंच वाटलं होतं.

आम्ही गेलो ते सत्तरचं दशक निम्मं सरल्यावर. माहूजमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या, खिडकीत बसवलेला एसी आणि मचूळ पाण्याचा नळ. कऱ्हाडजवळच्या गावात सहा ऋतू पाठ करून मोठी झालेली मी, तिथे ऋतू दोनच निघाले. एसी चालू आणि एसी बंद. जूनमध्ये गाडीचं स्टिअरिंग धरायचं तर आधी त्याला ओलं फडकं गुंडाळावं लागे. ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट की दोरीवरचे कपडे वाळायच्या ऐवजी आणखी भिजत. मग नोव्हेंबरात कधीतरी एका सकाळी आम्ही एसीचं बटण बंद करायचो आणि घर एकदम गप्प व्हायचं. इतकं गप्प, की शेजारच्या बिऱ्हाडातली मोहरी तडतडलेली ऐकू यायची. मला तो दिवस सणासारखा वाटे. मी त्या दिवशी शिरा करायची.

हे एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते. दिवसभर पाइपांची आणि पंपघरांची ड्रॉइंगं काढायची, बारीक, रेखीव, एक रेघ इकडची तिकडे नाही. त्या ऑफिसात दर वर्षी परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचं भिंतीवरचं कॅलेंडर येई. एका वर्षी ते यांनी घरी आणलं. ऑक्टोबरच्या पानावर अमेरिकेतला एक रस्ता होता. दोन्ही बाजूंना झाडं, आणि त्या झाडांना लाल, पिवळा, शेंदरी, विटकरी असे सगळे रंग एकदम चढलेले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. यांनी ते पान उघडून भिंतीवर टांगलं आणि पुन्हा उलटलंच नाही. डिसेंबर आला, ऑक्टोबरच. होळी झाली, ऑक्टोबरच. आमच्या घरी वर्षभर ऑक्टोबर असायचा. तिथी-वार बघायला माझं मुंबईहून आणलेलं पंचांग स्वयंपाकघरात होतं, त्यामुळे संसार अडला नाही.

"एवढं काय आहे हो त्यात?" मी एकदा विचारलं.

"शांत आहे," हे म्हणाले.

खरं सांगायचं तर मला त्या चित्राचं अप्रूप नव्हतं. पानगळ म्हटलं की मला आईच्या हातातला खराटा आठवायचा. आमच्या परसात दोन उंबर आणि एक शेवगा होता. शिशिरात ती झाडं आपली पानं टाकून मोकळी व्हायची नि आमची कंबर मोडायची. गळलेल्या पानांकडे कुणी मुद्दाम बघायला जातं, गाडी काढून, मुक्काम करत, हे मला नवीन होतं. पण हे मात्र एका संध्याकाळी ऑफिसातून कोरी वही घेऊन आले आणि तिच्या पहिल्या पानावर सुरेख अक्षरांत लिहिलं: 'ऑटम रोड ट्रिप'.

त्यानंतरची तीन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर अमेरिका पसरलेली असायची. यांनी तिकडच्या पर्यटन खात्यांना पत्रं लिहिली. पत्र लिहिलं की ते लोक फुकट नकाशे पाठवतात, हा शोध यांना लागला होता. जाडजूड पाकिटं यायची. आमची मीनू तेव्हा सात-आठ वर्षांची. ती पाकिटं फोडायचा मान तिचा. मग हे मिठाईच्या खोक्याची सुतळी घेऊन नकाशावरच्या वळणावळणाने लावायचे आणि ती पट्टीवर ताणून मैल मोजायचे. शेवटी ट्रेसिंग पेपरवर सगळ्या मार्गाचं रीतसर ड्रॉइंग झालं. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, खाली खुणांची यादी. वहीत नियम लिहिले होते. पहिला: ताशी तीस मैलांच्या वर जायचं नाही, झाडं दिसली पाहिजेत. दुसरा: दिवसातून दोनदा थांबून नुसतं बसायचं. तिसऱ्याखाली दोन रेघा होत्या: ओळखीचं कुणीही भेटता कामा नये.

हा तिसरा नियम कळायला बहरीनमध्ये राहिलेलं असायला हवं. बेट केवढं, त्यात आपली माणसं किती, आणि जाण्याच्या जागा किती! मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, शेवया घ्यायला जा, मुहर्रकला कुणाला विमानतळावर पोचवायला जा, समुद्राकाठी जरा वारं खायला बसा, पाठीमागून हाक आलीच: "काय जोगळेकर, इकडे कुठे?" या हाकेचे सगळ्यात मोठे धनी म्हणजे कुलकर्णी. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे. मनाने सोन्यासारखा माणूस आणि आवाज मात्र लाउडस्पीकरचा. यांना ती हाक ऐकू आली की खांदे आपोआप वर जायचे. आपल्याला कुणी 'इकडे कुठे' असं विचारणार नाही अशा एका रस्त्यावरून सहा दिवस गाडी चालवायची, एवढंच यांचं मागणं होतं. आमच्या ओळखीतले लोक तेव्हा गावाकडे प्लॉट बघत होते. हे पानं बघत होते.

पण आखाती नोकरीतली वर्षाची रजा ही आपली नसते, ती गावाची असते. पहिल्या वर्षी नणंदेचं लग्न निघालं. दुसऱ्या वर्षी माझ्या वडिलांचं ऑपरेशन. तिसऱ्या वर्षी मात्र सगळं जमून आलं. रजा मंजूर झाली, कागदपत्रं झाली, मीनूसाठी मी लाल लोकरीचा स्वेटर विणला, आणि निघायला दहा दिवस असताना कंपनीचं काम मागे पडलं म्हणून सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या.

हे घरी आले. बूट काढले. "रजा खलास," एवढंच म्हणाले. मग ट्रेसिंग पेपर नीट गुंडाळला, वहीत नकाशे ठेवले, वहीला ती सुतळी बांधली आणि सगळं ट्रंकेत तळाशी घातलं. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. त्या जागी चौकोनी पांढरी खूण राहिली.

मी वाट बघत होते की चिडतील, निदान एक भांडं आपटतील. तसं काही नाही. ऑफिसातून यायचे, चहा घ्यायचे आणि त्या मोकळ्या टेबलाशी बसायचे. मीनूने विचारलं, "बाबा, नेक्स्ट इयर?" तर म्हणाले, "बघू." तीन वर्षांत यांच्या तोंडून 'बघू' कधी निघालं नव्हतं. मला तेव्हा भीती वाटली. आयुष्यात काही मागायचं नाही असं ठरवून बसलेली माणसं मी पाहिली होती, माझे एक काका तसे होते, आणि ती माणसं दिसायला अगदी समाधानी दिसतात. या माणसाचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवलं. कसं, ते माहीत नव्हतं.

ते मला परबांनी दाखवलं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

परब कुडाळकडचे. बुदैयाच्या रस्त्याला एका हाजींची बाग होती. खजूर, डाळिंबं, गुरांच्या चाऱ्याचे हिरवे वाफे, मध्ये पंपघर. तिथे परब माळीकाम करायचे. हाजींच्या परवानगीने कोपऱ्यात कढीपत्ता आणि अळू लावलं होतं, ते दर शुक्रवारी माहूजमधल्या मराठी घरांतून आणून द्यायचे. जानेवारीतल्या एका शुक्रवारी त्यांनी कढीपत्ता आणला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला नव्हता. भल्यामोठ्या पानाचा द्रोण करून त्यात घातलेला होता. मी द्रोण उलगडला. तळहाताहून मोठं पान, शेंदरी-लाल, शिरा पिवळ्या, देठाशी जरा हिरवा रंग उरलेला. माझ्या भिंतीवरच्या ऑक्टोबरातून गळून पडावं तसं.

"परब, हे कुठलं पान?"

"बदामाचा, वयनी. आमच्या बागेत मोठा झाड आसा ना पंपाकडे. ह्या दिवसांत सगळा तांबडा जाता. निसतो कचरो."

मी ते पान कणकेच्या डब्यामागे लपवून ठेवलं आणि म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी आम्ही येतो. साहेबांना ते झाड बघायचंय."

परबांना काही कळलं नाही, पण ते खूश झाले. साहेब स्वतः येणार म्हणजे मोठीच गोष्ट.

तो आठवडा मी नुसती हवेवर होते. शमाल सुटला, म्हणजे तो उत्तरेचा वारा, की मी खिडकीशी जाऊन उभी राहायची. झाड शुक्रवारपर्यंत तग धरेल ना? यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. बेत अगदी यांच्या वहीतल्यासारखा ठेवला होता: फक्त आम्ही तिघं, शांत, कुणालाही पत्ता नाही. चूक एकच झाली. मी शैलावहिनींकडे मोठा थर्मास मागायला गेले.

शैलावहिनी म्हणजे कुलकर्ण्यांची बायको. त्या दिवसांत आमच्यात मोठा थर्मास एकीकडेच होता, आणि तो मागणं म्हणजे सहलीची दवंडी पिटणंच होतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. "कुठे गं निघालात?" त्यांनी विचारलं. मी खोटं बोलण्यात पहिल्यापासून कच्ची. सगळं सांगून टाकलं, रजेचं, कॅलेंडरचं, पानाचंसुद्धा. त्यांचे डोळे भरून आले. "कुणाला म्हणजे कुणाला सांगायची नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातावर हात ठेवला. ती शपथ त्यांनी मनापासून घेतली होती याबद्दल मला आजही शंका नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. सुट्टीचा दिवस, रस्ता रिकामा, आभाळ धुतलेल्या ताटासारखं. मीनूने हट्टाने तो लाल स्वेटर घातला होता. यांना मी अळू आणायला चाललोय असं सांगितलं होतं, त्यामुळे चेहरा अळू आणायला निघालेल्या माणसाचाच होता. बुदैयाच्या रस्त्याला लागलो, खजुराच्या बागा सुरू झाल्या, तेव्हा मला राहवेना.

"अळूला नाही चाललो आपण," मी म्हटलं. "ऑटम बघायला चाललोय. एकच झाड आहे. पण आहे."

हे समोरच बघत राहिले. मग मला जाणवलं की गाडी हळू झाली आहे. मी वाकून काटा बघितला. आमच्या त्या जुन्या गाडीचा काटा मैलांचा होता, आणि तो तिसावर होता. बरोब्बर तिसावर, जरासुद्धा पुढे नाही. मी खिडकीबाहेर तोंड केलं, कारण माझे डोळे भरले होते आणि ते मीनूला दिसायला नको होते.

थोड्या वेळाने यांनी आरशात बघितलं. "मागची गाडी कुलकर्ण्यांची आहे का गं?"

होती. तिच्या मागे आणखी एक होती. तिच्या मागे मुहर्रकच्या विमानतळावर काम करणाऱ्या मुलांची भरगच्च पिकअप. एकूण पाच गाड्या, सगळ्या ताशी तीस मैलांनी, एकामागे एक. मी शैलावहिनींना मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

बागेच्या फाटकाशी सगळे उतरले. कुणी स्टोव्ह आणला होता, कुणी बटाटेवडे, कुणी सतरंज्या. कार्तिकात आपण आवळीखाली जेवतो तसं इथे बदामाखाली जेवू, असं एक काकू म्हणत होत्या. आम्ही तिघं सोडून मोजले तर मुलाबाळांसकट एकतीस जण निघाले. आणि कुलकर्णी हात पसरून पुढे आले: "काय जोगळेकर, इकडे कुठे?"

यांचे खांदे वर गेले. पण हे थांबले नाहीत. पंपघराकडच्या वाटेने भराभर पुढे निघाले, जवळजवळ धावतच, आणि आम्ही सगळे मागे. वळणावर हे उभे राहिले. मी पोचले, आणि बघितलं.

झाडाखाली पान नव्हतं. एकही नाही. अंगण चकाचक झाडलेलं, वर पाण्याचा सडा. बुंध्याला कमरेइतका पांढराशुभ्र चुना फासलेला. फांद्यांवर तुरळक हिरवी पानं तेवढी राहिली होती, आणि त्या झाडाच्या बाजूला नवा शर्ट घालून, केस चापून बसवून परब उभे होते. लग्नघराच्या दारात उभे असल्यासारखे.

"येवा, साहेब! तुमी येतलास म्हणून तीन दिवस लागलंय. सगळो पातेरो लोटून काडलंय. झाडार ऱ्हवलेली तांबडी पानांय काठयेन पाडलंय. एक पान ठेवूक नाय!"

पातेरो. कोकणात गळलेल्या पानांना हेच म्हणतात, आणि तो पाहुणा यायच्या आधी अंगणातून काढायचा असतो. परबांनी त्यांच्या गावाला जे केलं असतं तेच केलं होतं, आणि जीव ओतून केलं होतं. मागे एकतीस माणसं श्वास रोखून उभी होती, कारण शैलावहिनींच्या कृपेने प्रत्येकाला सगळं माहीत होतं. मी यांच्याकडे बघायचं धाडस करत नव्हते. आता हा माणूस पुन्हा 'बघू' म्हणणार, आणि या वेळी कायमचं, असं मला वाटलं. शप्पथ सांगते, त्या क्षणी मला त्या चुन्याचा राग आला, परबांचा आला, सगळ्यात जास्त माझा आला.

हे पुढे गेले. चुना लावलेल्या बुंध्यावर हात ठेवला. "छान ठेवलंय झाड," परबांना म्हणाले.

परबांची छाती फुगली. आणि मग त्या शांततेत आमच्या मीनूचा बारीक आवाज आला, "परबकाका, बट व्हेअर आर द लीव्हज?"

"गोणयांत भरून ठेवलंय गो बाय. खताक."

हे सावकाश वळले. "किती गोणी आहेत?"

"सात, साहेब."

यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. एखादं ड्रॉइंग टेबलावर आलं की हे असंच करायचे. "आणा," म्हणाले.

पिकअपमधल्या मुलांनी गोणी ओढत आणल्या. परब गोंधळून बघत होते. "कित्याक, साहेब? काय झाला?" पहिली गोणी मुलांनी जमिनीवर उपडी केली, आणि तो ढीग बघून आम्ही सगळे 'अरे वा' म्हणालो. लाल, शेंदरी, जांभळट, सगळे रंग. पण हे मान हलवत होते.

"असं नाही. वरून पडली पाहिजेत."

आणि मग एरवी दिवसाला दहा शब्द बोलणाऱ्या माझ्या नवऱ्याने तिथे जे काही सुरू केलं, ते मी कधी विसरणार नाही. वारा उत्तरेचा आहे, तेव्हा टाकणाऱ्यांनी पंपघराच्या छतावर त्या अंगाला उभं राहायचं. एका वेळी ओंजळभरच टाकायची, ढीग नाही. कुलकर्णी, तुमचा हात लांब आहे, तुम्ही कडेला. शिडी लावली गेली. कुलकर्णी चढले, पिकअपमधली दोन मुलं चढली, आणि शेवटी परबसुद्धा चढले, "आमच्या गावाक सांगलंय तर कोण विश्वास ठेवूचो नाय," असं पुटपुटत.

"यल्ला!" वरून कुलकर्णी ओरडले, आणि पानं पडायला लागली.

बदामाचं पान जड असतं, पण वाळलेलं मुळीच घाईने पडत नाही. शमालने त्यांना धरलं. ती गिरक्या घेत, थबकत, एकमेकांना आपटत चुन्याच्या त्या झाडावरून खाली आली. मुलं किंचाळत सुटली. बायकांनी पदर पसरले. सतरंज्यांवर, बटाटेवड्यांवर, स्टोव्हवर पानं. सगळे एकदम बोलत होते.

हा गलका ऐकून बागेचे मालक हाजी बाहेर आले. पांढरा पायघोळ थोब, हातात जपमाळ. त्यांनी वर पंपघराकडे बघितलं, खाली आमच्याकडे बघितलं. "या अल्ला! शिनू हाधा?" हे काय म्हणून अरबीत विचारलं, मग आम्हाला समजावं म्हणून त्यांच्या हिंदीत म्हणाले, "ये पत्ता कचरा है. कचरा देखने को पाँच गाडी? तुम हिंदी लोग मुख मफी!" म्हणजे डोक्यात मेंदूच नाही, असं म्हणून पोटावर हात ठेवून हसायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी घरातून काहवा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, आणि खजुरांचं ताट पाठवलं, आणि त्याच्या मागोमाग स्वतःचे दोन नातूही पाठवले, पानं टाकायला.

सात गोणी संपल्या. मग काय झालं असेल? सगळ्यांनी मिळून त्या पुन्हा भरल्या आणि पुन्हा वर नेल्या. निसर्गात पानगळ वर्षातून एकदा होते. आमच्याकडे त्या दिवशी ती तीनदा झाली.

शेवटच्या वेळी मी साडी खोचून शिडीने वर गेले. मला वरून बघायचं होतं. हे झाडाखाली उभे होते, हात अंगापासून जरा दूर धरलेले, तोंड वर, चष्म्याच्या एका काचेवर एक पान अडकलेलं. मी माझी सगळी गोणी यांच्यावर रिकामी केली, ओंजळीचा नियम धाब्यावर बसवून. हे हसले. मोठ्याने, खदखदून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लग्नाला तेव्हा आमच्या दहा वर्षं झाली होती आणि या माणसाला इतका आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी त्या पत्र्यावर उभी होते, हातांना पानांचा वास येत होता, आणि मला इतका आनंद झाला होता की मी रडले. खालून शैलावहिनी विचारत होत्या, "अगं, डोळ्यांत काही गेलं का?"

संध्याकाळी घरी आल्यावर यांनी ट्रंक उघडली आणि वही बाहेर काढली. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, नवऱ्याच्या सगळ्या वह्या वाचायच्या नसतात. पण दुसऱ्या दिवशी ते कॅलेंडर पुन्हा भिंतीवर होतं, त्या पांढऱ्या चौकोनावर बरोब्बर बसवलेलं. तीन-चार वर्षं जुनं, ऑक्टोबरचं.

पुढे दर जानेवारीला बुदैयाला जाणं हा आमचा रिवाज झाला. परब आता एक पानही झाडायचे नाहीत. उलट शेजारच्या बागांतला पातेरो मागून आणायचे आणि आलेल्या माणसाला तो दाखवायचे, आपल्याच शेतातला असल्यासारखा. ऐंशीचं दशक संपता संपता आम्ही परतलो. सामान बांधताना ती वही माझ्या हाती लागली. पहिल्या पानावर तीन नियम होते. तिसरा नियम, दोन रेघांचा, खोडलेला होता, पट्टी लावून, व्यवस्थित. खाली लिहिलं होतं: 'माहूज ते बुदैया. ओळखीचे एकतीस जण भेटले.' आणि त्या ओळीवर एक पान चिकटलेलं, तपकिरी पडलेलं.

आता आमची मीनू तिकडेच असते, त्या कॅलेंडरातल्या रस्त्यापासून गाडीने दोन तासांवर. दर वर्षी बोलावते. कधी माझे गुडघे, कधी यांचा मोतीबिंदू. परवा तिचा फोन आला तेव्हा हे नुकतेच मंगलबाईंशी लढून वर आले होते, खिशात दोन लाल पानं.

"बाबा, धिस ऑक्टोबर तुम्ही येताय. मी सगळं प्लॅन केलंय," ती सांगत होती. तिचं मराठी असंच आहे, बहरीनच्या शाळेतलं. "सहा दिवस. तुमचं ते ट्रेसिंग पेपरवालं रूटच घेणार आहे. अगदी क्वाएट. रस्त्यावर कुणीसुद्धा नसतं."

हे ऐकत होते. फोन कानाला, दुसऱ्या हातात पान, देठाशी धरून गोल गोल फिरवत.

"बरोबर कोण कोण आहे?" यांनी विचारलं.

"कुणी नाही बाबा. फक्त आपण."

यांच्या हातातलं पान फिरायचं थांबलं. मग काळजीच्या सुरात म्हणाले, "अगं, मग वरून पानं टाकणार कोण?"